आकडा न लावता पणजी

पहिला दिवस : पाण्याची पाळी

पहाटे चारला निघायचं ठरलं होतं. पण नेमकी त्याच दिवशी आमच्या भागाची पाण्याची पाळी आली, आणि सोलापुरात चार-पाच दिवसांनी येणारं पाणी सोडून कुणी गोव्याला जात नाही. पिंप, घागरी, वरची टाकी, बाथरूममधल्या बादल्या, सगळं भरून झाल्यावरच आईनं घराला कुलूप लावू दिलं. साडेसहा वाजले.

गाडीत आम्ही पाच जण. मी, बायको, आठवीतली पोरगी, आई आणि मेव्हणा. मेव्हणा सव्वीसचा. महिनाभर तो मांडवी नदीतल्या कॅसिनोंचे व्हिडिओ बघत होता आणि एकटा गाठून मला म्हणत होता, "दाजी, एकच रात्र." आईसमोर मात्र त्यानं हा विषय कधी काढला नाही. आमच्या घरात 'आकडा' हा शब्द चालत नाही. लहानपणी गणितातसुद्धा मी 'संख्या' म्हणायचो.

कारण आजोबा. ते जुन्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते आणि मटका लावायचे. मटक्याचं मूळ तसं कापसातच आहे. न्यूयॉर्कच्या बाजारातला कापसाचा उघडता आणि बंद होता भाव तारेनं मुंबईला यायचा आणि लोक त्यावर पैसे लावायचे. 1960च्या दशकात तो भाव यायचा थांबला, पण खेळ काही थांबला नाही. मडक्यातून चिठ्ठ्या निघायला लागल्या. म्हणजे आजोबा दिवसभर सूत विणायचे आणि संध्याकाळी त्या सुताच्याच सावलीवर पगार उडवायचे. आई लग्न होऊन आली तेव्हा आजीच्या हातात नुसत्या काचेच्या बांगड्या होत्या. पाटल्या कुठं गेल्या ते आईला शेजारणीनं सांगितलं.

मग पणजीच का? पोरीला समुद्र बघायचा होता, आईला सप्तकोटेश्वर करायचा होता आणि बायकोला पाच दिवस स्वयंपाक करायचा नव्हता. कारखान्यातला दिवाळीचा माल रवाना झाला होता, त्यामुळे मला सुट्टी मिळाली.

टाकळीला भीमा ओलांडली की धूळखेड, आणि धूळखेड आलं की आई कन्नडात शिरते. चहावाल्याशी तिनं दहा मिनिटं गप्पा मारल्या. काय बोलली ते तिनं सांगितलं नाही, पण चहा मात्र एक जास्त आला. विजापूरला गोल घुमट गाडीतूनच पाहिला. शाळेच्या सहलीत दोनदा झालाय. पुढं एका बाभळीखाली कडक भाकरी, दही आणि शेंगाची चटणी. बेळगाव, जांबोटी, कणकुंबी आणि मग चोर्ला घाट. घाटात धुकं होतं, पोरीला दोनदा उलटी झाली. एवढंच.

पणजीत शिरलो तेव्हा अंधार पडला होता. अटल सेतूवरून डावी-उजवीकडं बघताना खाली नदीत ती जहाजं दिसली. निळी, लाल, जांभळी, सारखी रंग बदलणारी. मेव्हण्यानं काच खाली घेतली. आई डोळे बारीक करून म्हणाली, "हे काय, नदीत गड्डा भरलाय का?"

सिद्धेश्वराच्या यात्रेतले आकाशपाळणे तिच्या डोळ्यासमोर आले असणार. खोटं कशाला, माझ्याही आले.

दुसरा दिवस : पोई, पायऱ्या आणि चप्पल

लॉज साधा होता. टॉवेल हातात घेतला आणि माझा हात थांबला. टॉवेलच्या कारखान्यात अठरा वर्षं काढल्यावर माणूस अंग पुसायच्या आधी कापड बघतो. धाग्यांचे फासे बसलेले, म्हणजे बऱ्याच धुलाया झालेल्या. पण काठाजवळची ती चपटी पट्टी आणि मुडपीची दुहेरी शिलाई आमच्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतलीच. लेबल उसवलेलं होतं, त्यामुळे पैज लावली नसती. बायको म्हणाली, "अहो, सुट्टीवर आलोय आपण."

सकाळी सातच्या सुमाराला खाली भोंगा वाजला. पों-पों. सायकलवर मोठी टोपली, वर निळं प्लास्टिक. हा पोदेर, म्हणजे पाववाला. त्याच्याकडं पोई मिळते, कोंड्याची, गोल, आतून पोकळ. आईनं ती हातावर उलटीपालटी केली, बोटानं फोडली, पोकळीत शेंगाची चटणी भरली आणि वरून तेलाची धार सोडली. डबा सोलापूरहून आणलेला. एक घास खाऊन ती काहीच बोलली नाही. दुसरी पोई घेतली. पुढचे तिन्ही दिवस आमचा नाश्ता हाच झाला आणि हॉटेलांतले पैसे वाचले. गोव्याला जाणाऱ्या सोलापूरकराला माझा एकच सल्ला: चटणी अर्धा किलो जास्त न्या.

मग फोंतेन्यास. पाटो पुलापासून पायी जवळ. अरुंद गल्ल्या, पिवळी, निळी, गेरूच्या रंगाची घरं, लाल कौलं. पावसाळा संपला की घरं रंगवायची इथली पद्धत, त्यामुळे नोव्हेंबरात रंग ताजे होते. दारांवर निळ्या-पांढऱ्या फरश्यांवर नावं आणि घरनंबर. एका जुन्या घराच्या खिडकीला काचेऐवजी शिंपल्याचे तुकडे बसवलेले होते, तळहातापेक्षा लहान, लाकडी चौकटीत एकाखाली एक. उजेड आत जातो पण आतलं दिसत नाही. पोरगी त्याला डोळा लावून उभी राहिली तेवढ्यात आतून एक म्हातारी खोकली. आम्ही सटकलो. बऱ्याच दारांवर 'फोटो काढू नका, इथे माणसं राहतात' अशा अर्थाच्या पाट्या आहेत आणि त्या पाटीसमोरच नवरा-नवरीचं फोटोशूट चाललेलं असतं. त्या घरवाल्यांच्या जागी मी असतो तर बादली ओतली असती.

गल्लीच्या टोकाला सेंट सेबॅस्टियनचं छोटं चॅपेल आहे. आतल्या क्रूसावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. हा क्रूस पूर्वी जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता. चौकशीला आणलेल्या माणसाकडं तो कसा बघत असेल, हे पोरीनं विचारलं. आई म्हणाली, "बघत असेल, पण करणार काय? तोही बांधलेलाच."

चर्च स्क्वेअरमधलं पांढरं चर्च सगळ्यांनी चित्रांत पाहिलेलं असतं. मूळ 1541चं, आजची इमारत 1619ची. समोरच्या पायऱ्या डावी-उजवीकडं वळत वर जातात. आईचे गुडघे दुखतात म्हणून ती खाली बसली. वरून मी पाहिलं तर तिनं एका फुलवालीशी ओळख काढलेली. कोकणी आणि सोलापुरी मराठी यांचं नेमकं कुठं जमत होतं कोण जाणे, पण जमत होतं.

दुपारी ऊन तापलं. अशा वेळी पणजीत काय करावं याचं उत्तर मला फार उशिरा, चाळिशीनंतर सापडलं: वाचनालयात जाऊन बसावं. पाटोला गोव्याचं मध्यवर्ती ग्रंथालय आहे. सुरुवात 1832ची, देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक, आणि नाव दिलंय कृष्णदास शामा यांचं, ज्यांनी सोळाव्या शतकात इथं मराठीतून लिहिलं. थंडगार, स्वच्छ, फुकट. आई मराठी पेपर घेऊन बसली, पोरगी गोष्टींच्या कपाटाकडं गेली, मी डोळे मिटले. मेव्हण्याला चैन नव्हती. तो खिडकीतून नदी दिसते का बघत होता.

जेवायला शिरलो त्या ठिकाणी वेटरनं विचारलं, "शिवराक?" म्हणजे शाकाहारी. आईला शब्द फार आवडला. शिवाचं तेच शिवराक, असं तिनं ठरवून टाकलं. जाणकार त्याचा संबंध जैनांच्या 'श्रावक' शब्दाशी लावतात हे मी वाचलं होतं, पण सोमवार धरणाऱ्या बाईपुढं व्युत्पत्ती सांगण्यात अर्थ नसतो.

संध्याकाळी नदीकाठी. आदिलशहाचा राजवाडा बघून मला उगीच आपलेपणा वाटला. विजापूरच्या ज्या आदिलशाहीनं आमच्या भुईकोटासाठी निजामशाहीशी भांडणं केली, तिचाच हा नदीकाठचा वाडा. 1510मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, पुढं त्यात व्हाइसरॉय राहिले, नंतर कित्येक वर्षं गोव्याची विधानसभा भरली. शेजारी आबे फारियाचा पुतळा: झगा घातलेला माणूस, पसरलेले हात, पुढ्यात कोसळलेली बाई. पोरीला तो जादूगार वाटला. कांदोळीत 1756 साली जन्मलेला हा पाद्री पॅरिसला गेला आणि संमोहन म्हणजे अंगातून वाहणारा कुठला प्रवाह नसून समोरच्याच्या मनावर सूचनेचा होणारा परिणाम आहे, असं त्यानं मांडलं. त्या पुतळ्यापासून थोड्याच अंतरावर कॅसिनोंच्या तिकीट खिडक्या आहेत, लखलखत्या, आणि दारात हसतमुख पोरं उभी. सूचनेचा परिणाम तिथंही चांगला दिसत होता.

मेव्हणा "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून गेला आणि दहा मिनिटांत परत आला. तोंड उतरलेलं. पायात सँडल चालत नाहीत, बूट लागतात. त्याच्याकडं बूट नव्हते. समुद्राला जाताना बूट कोण आणतं? मी आणले होते. कारखान्यातले काळे बूट गाडीतच राहिले होते. हे मला त्या क्षणी आठवलं आणि मी गप्प बसलो.

त्याऐवजी सगळ्यांना घेऊन बेतीच्या फेरीत चढलो. पणजीतली ही खरी गंमत. लोखंडी सपाट होडी, पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, स्कूटरी आणि भाजीच्या पिशव्या घेऊन घरी निघालेली माणसं, आणि ती नदी ओलांडताना कॅसिनोच्या जहाजांच्या अगदी जवळून जाते. समोरून ती राजवाड्यासारखी दिसतात. फेरीतून त्यांची मागची बाजू दिसली: जनरेटरची धडधड, धूर ओकणारा पाइप, कोबीची पोती उतरवून घेणारी दोन पोरं, आणि जाळीच्या दाराशी उकिडवा बसून बिडी ओढणारा, पांढरा उंच टोप घातलेला आचारी. आईनं त्याला हात केला. त्यानंही केला.

शेजारच्या स्कूटरवाल्याला मेव्हण्यानं विचारलं, तुम्ही जाता का आत? तो हसला. "आमकां भितर सोडिनात." गोव्यात राहणाऱ्यांना तिथं खेळायला बंदी आहे. मेव्हणा विचारात पडला. तिकडं पोचून त्याच फेरीनं परत आलो, आणि पोरीच्या हट्टापायी पुन्हा एकदा गेलो.

तिसरा दिवस : दोन फेऱ्या आणि एक शिलालेख

जुनं गोवं. बॉम जेझूच्या चर्चमध्ये गर्दी होती. 1605 साली पूर्ण झालेली ही इमारत बाहेरून तांबडी दिसते, कारण विसाव्या शतकात तिचा गिलावा काढून टाकला आणि जांभ्याचा चिरा उघडा पडला. आत उंचावर चांदीच्या पेटीत सेंट झेवियरचं शव. लोक मान वर करून रांगेनं पुढं सरकतात. आईनं हात जोडले. "संत आहे ना? मग झालं."

पण मी रेंगाळलो ते समोरच्या टेकडीवर, सेंट ऑगस्टीनच्या पडक्या मठात. 46 मीटर उंच मनोरा अर्धाच उरलाय, बाकी नुसत्या भिंती, थडगी, गवत. मेल्यावर हिंदुस्थानात येऊन पडलेल्या एका जॉर्जियन राणीची गोष्ट इथली. केतेवान तिचं नाव. 1624 साली इराणात छळ करून तिला मारलं आणि ऑगस्टीन पाद्र्यांनी तिच्या अस्थी इथं आणून ठेवल्या. पुरातत्त्व खात्याला उत्खननात हाडं मिळाली, हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासला, आणि 2021मध्ये भारतानं त्या अस्थी जॉर्जियाला दिल्या. पणजी चर्चमधली मोठी घंटाही याच मठातली. मठ रिकामा झाला आणि एकेक वस्तू गावोगाव गेली. सोलापुरात गिरणीची भोंग्याची चिमणी बघताना मला असंच काहीतरी होतं, पण ते राहू दे.

व्हाइसरॉयच्या कमानीखालून उतरलं की दिवाडी बेटाची फेरी. गाडी होडीत चढवताना माझे तळवे घामेजले. बेटावर भातशेती, बगळे, झोपलेली घरं. दिवाडी ओलांडून दुसऱ्या टोकाला पुन्हा एक फेरी, आणि पलीकडं नार्वे.

सप्तकोटेश्वर आधी दिवाडीवरच होता, गोव्याच्या कदंब राजांचा देव. पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं. सांगतात की लिंग विहिरीच्या रहाटाला लावलं होतं आणि भक्तांनी ते रातोरात नदीपार नेलं. म्हणजे आम्ही ज्या पाण्यावरून गाडी घेऊन आलो, तिथूनच. 1668 साली शिवाजी महाराजांनी नार्वेचं देऊळ बांधून घेतलं. दारावर तसा शिलालेख आहे. आत्ता अलीकडं सरकारनं डागडुजी केली आणि 2023मध्ये ते पुन्हा खुलं झालं. कौलारू छप्पर, जाड भिंती, समोर दीपस्तंभ, मागं माड-पोफळी. शिखराचा बडेजाव नाही. तलवार घेतलेल्या महाराजांचे पुतळे आपण रोज बघतो; इथं त्यांची चार ओळींची पाटी आहे आणि खाली कुणी फोटोसुद्धा काढत नव्हतं. आई आत गेली ती अर्धा तास बाहेर आली नाही. तोवर मेव्हण्यानं मला पोफळीखाली गाठलं.

"दाजी, गाडीत काळे बूट दिसले."

देवळाच्या आवारात खोटं बोलवेना. माझा नंबर नऊ, त्याचा सात. तो म्हणाला, बघू काहीतरी.

रात्री नऊला तो माझे बूट फटाफट वाजवत जिना उतरला. आई गॅलरीत बसली होती. तिनं पाहिलं, पण विचारलं नाही. आम्ही मीरामारला जाऊन वाळूत बसलो. पोरीनं समुद्राचं पाणी चाटून पाहिलं. आई नदीच्या मुखाकडं बघून म्हणाली, "एवढं पाणी, आणि एक घागर पिता येत नाही."

चौथा दिवस : वरून

मेव्हणा पहाटे कधीतरी आला. चहाच्या वेळी सगळे जमले. आईनं पोई फोडली, चटणी भरली, त्याच्या हातात दिली आणि शांतपणे विचारलं, "मग? आकडा लागला का?"

चाळीस वर्षांत तो शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. बायकोचा कप हवेतच राहिला.

"नाही, मावशी. जेवण चांगलं होतं," मेव्हणा म्हणाला. मग हळूहळू खुलला. तिकिटातच जेवण आणि खेळायचे थोडे चिप्स. आत घड्याळ कुठंच नाही. नाच होता. चक्राच्या टेबलाभोवती चार थर माणसं, आणि त्यात आपल्या नवी पेठेतले तिघे भेटले. "एक जण म्हणतो, काय बे, तू बी आलालास?" किती गेले ते त्यानं सांगितलं नाही, आईनंही पुढं विचारलं नाही.

त्या दिवशी पलीकडच्या तीरावरचा रेइश मागुश किल्ला पाहिला. इथंही आधी आदिलशाही चौकी, मग 1551मध्ये पोर्तुगीज किल्ला, मग 1993पर्यंत तुरुंग. दुरुस्त करून 2012मध्ये खुला केला. आत मारिओ मिरांडांची व्यंगचित्रं आहेत: बाजार, बस, पाद्री, जाडे बाबू, गर्दीत कुठंतरी एक कुत्रं. पोरगी तासभर प्रत्येक चित्रात कुत्रं शोधत होती. तटावरून नदी पसरलेली दिसते. दिवसा ती जहाजं मळकट दिसतात, दिवे नसलेल्या पाळण्यांसारखी. मेव्हणा गाडीत झोपला होता, त्यामुळे त्यानं हे पाहिलं नाही.

पाचवा दिवस : काळा दगड

परतताना अनमोड घाट धरला, कारण वाटेत मोलेच्या जंगलात तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ आहे. कदंब काळातलं, बारा-तेराव्या शतकातलं. लहानसं, झाडांच्या मधोमध, शेजारी ओढा. पाच दिवस तांबड्या चिऱ्याचं सगळं बघितल्यावर हे एकदम काळं. बेसाल्ट. हा दगड त्या भागातला नाही, घाटावरून आणला असं मानतात. आईनं खांबावर तळहात ठेवला, बराच वेळ. "आपल्याकडचा," म्हणाली.

बेळगावला जेवण, विजापूरला चहा, टाकळीला रात्रीचे दहा. घरी पिंपं भरलेली होती. आईनं पहिलं ते पाहिलं.

सोमवारी कारखान्याला निघताना बूट घातले तर उजवा पुढं लागला. हात घालून पाहिलं. सात नंबरच्या पायाला नऊचा बूट बसावा म्हणून मेव्हण्यानं कागदी रुमाल कोंबले होते, दोन्ही पायांत. डावा कोरा होता. उजव्यातला उलगडला, तर त्यावर बॉलपेनानं उभ्या ओळीत आकडे. सतरा, चार, एकतीस, पुन्हा चार. एकूण सोळा. काहींना गोल, शेवटच्या तिघांवर काट. अगदी असेच कागद आजोबांच्या कोटाच्या अस्तरात निघाले होते, तेव्हा मी सहावीत होतो.

आई चहा घेऊन दाराशी आली. मी रुमाल होता तसा चुरगाळून परत बुटात ढकलला आणि पाय घातला. संध्याकाळपर्यंत अंगठा दुखत होता.